चित्र वाहणाऱ्या तारा



घरांत मोठ्या पडद्याचा टेलिव्हिजन आणावयाचा, त्याला जोडून चांगले ध्वनिक्षेपक बसवावयाचे आणि दिवाणखान्याच्या एका कोपऱ्याचें लहानसें चित्रगृह करून टाकावयाचें, ही हौस आतां केवळ श्रीमंतांची राहिलेली नाहीं. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांतहि पंचावन्न इंची पडदा भिंतीवर दिसूं लागला आहे. या खरेदीसाठीं घरांतील मंडळी महिनोन् महिने पैसे साठवितात, दहा दुकानें हिंडतात, शेजाऱ्यापाजाऱ्यांचा सल्ला घेतात, आणि सगळा सौदा पुरा झाल्यावर, निघतां निघतां, दुकानदार सहज विचारतो, "तार कोणती देऊं?" या एका प्रश्नापाशीं मात्र भल्याभल्यांची बुद्धि थबकते. समोरच्या फळीवर दोनशे रुपयांची तार असते आणि कित्येक हजार रुपयांचीहि असते. दोहोंच्या टोकांना प्लग सारखाच. महागड्या तारेवर रेशमी वेष्टन, सोनेरी टोकें आणि खोक्यावर इंग्रजी भाषेंतील भारदस्त विशेषणें, एवढाच डोळ्यांना दिसणारा फरक. गिऱ्हाईक मनांत म्हणतें, एवढा खर्च केला, आतां तारेपुरती काटकसर कशाला?

या बाबतींत नुकसान दोन प्रकारांनीं होतें. जिच्यामुळें चित्रांत तिळभरहि सुधारणा होणार नाहीं अशा तारेवर पैसे उधळणें, हा एक प्रकार. दुसरा प्रकार याच्या उलट आणि माझ्या मतें अधिक वाईट, कारण तो ध्यानांतच येत नाहीं. उत्तम यंत्र घ्यावयाचें, त्याला जुनी अपुरी तार जोडावयाची आणि वर्षानुवर्षें पुसट चित्र पाहत राहावयाचें, हा तो प्रकार होय. पहिल्या प्रकारांत पैसे एकदांच जातात. दुसऱ्यांत ते दरमहा जातात. तें कसें, हें समजण्यासाठीं प्रथम आपल्या सर्वांच्या परिचयाच्या पिवळ्या तारेकडे वळूं.

टेलिव्हिजनच्या पाठीमागें पिवळें, तांबडें आणि पांढरें अशीं तीन वाटोळीं भोकें पुष्कळांनीं पाहिलीं असतील. तांबड्या व पांढऱ्या तारांतून उजव्या व डाव्या बाजूचा आवाज जातो. चित्र सगळें एकट्या पिवळ्या तारेंतून जातें. मध्यें एक जाड टोंक आणि भोंवतीं धातूची कडी असा जो हा प्लग, तो मुळांत चित्रासाठीं निघालेलाच नव्हे. अमेरिकेंतील रेडिओ कॉर्पोरेशन या कंपनीनें १९३० नंतरच्या दशकांत रेडिओ आणि ग्रामोफोन एकमेकांना जोडण्याकरितां तो प्रचारांत आणला, आणि तिच्या नांवाचीं आद्याक्षरें घेऊन आजहि त्याला 'आर्. सी. ए.' प्लग असें म्हणतात. आपल्याकडे दूरदर्शनवर रंगीत चित्र इ. स. १९८२ मध्यें आलें. त्यासाठीं स्वीकारलेल्या पद्धतींत एका चित्राच्या ६२५ रेघा आणि सेकंदाला २५ चित्रें असा हिशेब असे. त्यांपैकीं प्रत्यक्ष पडद्यावर येणाऱ्या रेघा ५७६. रंगीत प्रक्षेपण जुन्या कृष्णधवल संचांवरहि दिसावें, म्हणून ही पद्धति काढणाऱ्या शास्त्रज्ञांनीं मोठी युक्ति योजिली होती. प्रकाशाची, म्हणजे उजेड-अंधाराची माहिती जशी जात होती तशीच ठेवून, तिच्या पोटांत सेकंदाला सुमारें ४४ लाख ३३ हजार कंपनें पावणाऱ्या एका लहरीवर त्यांनीं रंगाची माहिती बसवून दिली. युक्ति सुंदर खरी. पण ती एका पोत्यांत गहूं आणि जोंधळा एकत्र भरून पाठविण्यासारखी आहे. मुक्कामावर निवडणारा कितीहि निष्णात असला तरी चार दाणे इकडचे तिकडे व्हावयाचेच. बातम्या सांगणाऱ्या बाईंच्या अंगावर बारीक चौकडीचें लुगडें असलें, कीं त्यावर नसलेले इंद्रधनुष्यी पट्टे नाचूं लागत, हें ज्यांना आठवत असेल त्यांना मी काय म्हणतों तें सहज पटेल. तो दोष लुगड्याचा नव्हता, संचाचाहि पुरता नव्हता. एका लहरींत प्रकाश आणि रंग कालविल्याचा तो परिणाम होता.

पुढें या दोहोंना वेगळें करण्याचे प्रयत्न झाले. इ. स. १९८७ मध्यें जपानांतील जे. व्ही. सी. कंपनीची सुधारलेली व्हिडिओ टेप निघाली, तिच्याबरोबर चार बारीक पिनांची 'एस-व्हिडिओ' ही तार लोकांच्या परिचयाची झाली. तिच्यांत प्रकाश एका वाटेनें आणि रंग दुसऱ्या वाटेनें जातो. त्याहूनहि वरची पायरी म्हणजे हिरवी, निळी आणि तांबडी अशी तीन तारांची जोडणी. तिला 'कॉम्पोनंट' म्हणतात. येथें एक खबरदारी सांगून ठेवतों. या त्रिकूटांतील तांबडी तार चित्राची असते आणि आवाजाचीहि एक तांबडी तार शेजारींच असते. त्यांची अदलाबदल झाली कीं चेहरे हिरवेनिळे दिसतात आणि मंडळी यंत्र बिघडलें म्हणून कारागिराला बोलावणें धाडतात. ही तीन तारांची जोडणी स्वच्छ, १०८० रेघांचें चित्रहि वाहून नेण्यास समर्थ आहे. तथापि चित्रपटांची नक्कल होऊं नये म्हणून ब्ल्यू-रे तबकड्यांच्या यंत्रांतून असें चित्र या वाटेनें सोडण्यावर इ. स. २०११ पासून बंधनें आलीं आणि नव्या यंत्रांतून ही वाटच नाहींशी झाली. आज तिचा उपयोग जुनीं यंत्रें जपून ठेवणाऱ्यांनाच आहे.

आतां दरमहा जाणाऱ्या पैशांची गोष्ट. जुन्या पद्धतीचें चित्र अंकांत मांडलें तर त्यांत आडवे ७२० व उभे ५७६, म्हणजे एकूण ४,१४,७२० ठिपके भरतात. 'एच्. डी.' म्हणून जें चित्र आपण घेतों त्यांत आडवे १९२० व उभे १०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपके असतात. भागाकार करून पाहा; दुसरी संख्या पहिलीच्या बरोबर पांच पट आहे. या पांच पट चित्रासाठीं आपण छपरावर तबकडी बसवितों, एच्. डी. चा सेट-टॉप बॉक्स घेतों आणि महिन्याच्या महिन्याला अधिक वर्गणी भरतों. परंतु तो बॉक्स बसविण्यास आलेला माणूस घाईंत असतो. जुन्या बॉक्सची पिवळी-तांबडी-पांढरी तार भिंतीवर आधींच लोंबत असते. तो तीच नव्या बॉक्सला लावून मोकळा होतो. चित्र दिसतें, आवाज येतो, मंडळी समाधानानें चहा पाजतात. पांचांतील चार भाग चित्र मात्र त्या बॉक्सच्या बाहेरच पडत नाहीं. पडदा जितका मोठा तितका हा तोटा अधिक; बत्तीस इंचांवर जें खपून गेलें असतें तेंच पंचावन्न इंचांवर पाण्यांतून पाहिल्यासारखें दिसतें.

याची परीक्षा करण्यास कारागीर नको. टेलिव्हिजनच्या रिमोटवर 'सोर्स' किंवा 'इनपुट' असें लिहिलेली कळ असते ती दाबावी. पडद्यावर 'ए. व्ही.' अशीं अक्षरें उमटलीं तर आपलें चित्र पिवळ्या तारेंतून येत आहे असें समजावें. 'एच्. डी. एम्. आय्.' असें उमटलें तर वाट बरोबर आहे. मग बॉक्सच्या मेनूंत चित्राचा आकार १०८० वर ठेवला आहे कीं नाहीं एवढेंच पाहावयाचें राहतें. ज्या घरीं पिवळी तार निघेल त्या घरीं दीडदोनशे रुपयांच्या तारेनें जेवढी सुधारणा होईल, तेवढी नवा टेलिव्हिजन आणूनहि होणार नाहीं.

ही एच्. डी. एम्. आय्. तार म्हणजे काय, हें आतां पाहूं. हिटाची, मात्सुशिता, फिलिप्स, सिलिकॉन इमेज, सोनी, टॉमसन व तोशिबा या सात कंपन्यांनीं मिळून इ. स. २००२ च्या डिसेंबरांत तिची पहिली नियमावलि प्रसिद्ध केली. चित्र आणि आवाज दोन्ही एकाच तारेंतून जावे, आणि तेहि अंकांच्या रूपानें जावे, हा तिचा हेतु. तिच्या प्लगांत एकोणीस पिना असतात. अंकांच्या रूपानें जाणें म्हणजे काय, हें पुरतें कळल्याशिवाय दुकानांतील त्या दोनशे आणि काहीं हजारांच्या कोड्याचा उलगडा व्हावयाचा नाहीं, म्हणून येथें थोडें थांबलें पाहिजे.

बाजूच्या खोलींत कोणी गात असेल तर मधल्या भिंतींतून तें गाणें आपल्याला ऐकूं येतें. पण भिंत जितकी जाड तितका स्वर मंद, आणि शब्द अस्पष्ट. पिवळ्या तारेंतील चित्राची स्थिति अशी असते. तार लांब झाली, हलकी निघाली, शेजारून विजेची तार गेली, कीं त्या प्रत्येक गोष्टीचा थोडा थोडा डाग चित्रावर पडतोच. तेथें चांगल्या तारेला किंमत मोजण्यांत अर्थ होता. आतां दुसरा दाखला घ्या. आपल्या देशांतील तारेनें निरोप पाठविण्याची सोय इ. स. २०१३ च्या जुलैंत बंद झाली. परंतु तारघरांतील तो कडकट्ट अनेकांच्या कानांत असेल. दोनच खुणा, एक लांब आणि एक आंखूड. त्यांवरून अक्षरें लिहावयाचीं. खांबावरची तार गंजलेली असो वा नवीं कोरी असो, तारमास्तराला लांब आणि आंखूड यांतला फरक जोंवर ओळखूं येतो तोंवर "आई सुखरूप पोंचली" हा मजकूर जसाच्या तसा उतरतो. तार चांदीची केली म्हणून आई अधिक सुखरूप पोंचत नाहीं! आणि खुणा ओळखूंच येईनाशा झाल्या म्हणजे मजकुरांत गाळलेल्या जागा पडतात, नाहीं तर मजकूर मुळींच येत नाहीं. एच्. डी. एम्. आय्. तारेचा व्यवहार अगदीं असा आहे. ती अंक पोंचविते किंवा पोंचवीत नाहीं. अंक पोंचले तर दोनशेच्या तारेंतून आणि दहा हजारांच्या तारेंतून एकच चित्र उमटतें. ते मधून मधून गळूं लागले, तर पडद्यावर पांढरे ठिपके चांदण्यांसारखे चमकतात, किंवा क्षणभर पडदा काळा होऊन पुन्हां येतो, किंवा 'नो सिग्नल' अशी पाटी लागते. "या तारेनें काळा रंग अधिक गडद होतो, गालांवरची लाली अधिक खुलते" असें कोणी सांगूं लागला, तर त्याला हंसून नमस्कार करावा.

मग सगळ्या तारा सारख्याच काय? नव्हेत. फरक आहे, पण तो गतीचा आहे. '४-के' नांवाच्या चित्रांत आडवे ३८४० व उभे २१६०, म्हणजे ८२,९४,४०० ठिपके असतात. असें चित्र सेकंदाला ६० वेळां पाठवावयाचें आणि दर ठिपक्याच्या रंगासाठीं २४ अंक खर्चावयाचे, तर सेकंदाला सुमारें १,१९४ कोटि अंक होतात. त्यांत दोन ओळींमधील मोकळी जागा आणि खुणा सांभाळण्यासाठीं घातलेले जादा अंक मिळविले कीं हा आंकडा सुमारें १,७८२ कोटींवर जातो. उलट १०८० रेघांच्या चित्राला, तेंहि सेकंदाला साठ वेळां पाठविलें तरी, सुमारें ४४६ कोटि पुरतात. तारेच्या जाती या हिशेबानें पाडल्या आहेत. 'हाय स्पीड' या जातीची तार सेकंदाला १,०२० कोटि अंकांचा भार सोसते. 'प्रीमियम हाय स्पीड' १,८०० कोटींचा. 'अल्ट्रा हाय स्पीड' ४,८०० कोटींचा. इ. स. २०२५ मध्यें ९,६०० कोटींची नवी नियमावलिहि जाहीर झाली आहे. परंतु दिवाणखान्यांत बसून चित्रपट पाहणाऱ्यानें तिच्या मागें धांवण्याचें आज कांहीं कारण दिसत नाहीं.

यावरून निवड सोपी होते. ज्या घरीं १०८० रेघांचा संच आणि सेट-टॉप बॉक्स एवढाच पसारा आहे, तेथें साधी 'हाय स्पीड' तार पुरून उरते. ४-के संच आणि त्याला शोभणारें यंत्र असेल तर 'प्रीमियम' घ्यावी. चित्रपट मुळांत सेकंदाला २४ चित्रांनीं घेतलेला असल्यामुळें तो ४-के मध्येंहि 'हाय स्पीड' तारेंतून जाऊं शकतो हें खरें. पण पुष्कळशीं यंत्रें कोणतेंहि चित्र साठांच्या गतीनेंच बाहेर सोडतात, म्हणून अडून राहूं नये. 'अल्ट्रा' तारेची खरी गरज सेकंदाला १२० चित्रांनीं खेळ खेळणाऱ्या मुलांना आहे, आणि इ. स. २०२० मध्यें निघालेल्या प्लेस्टेशन ५ सारख्या यंत्राच्या खोक्यांत ती आयतीच मिळते. घरीं आधींच पडून असलेली तार लावून पाहण्यासहि हरकत नाहीं. मात्र एक फसगत होते ती सांगतों. तार अपुरी पडत आहे असें दिसल्यावर कित्येक यंत्रें तक्रार न करितां चित्राचा आकारच गुपचूप कमी करितात. म्हणून टेलिव्हिजनच्या माहितीच्या पाटीवर आकार आणि गति वाचून खात्री करून घ्यावी.

खोक्यावर '२.०' किंवा '२.१' असे आंकडे मोठ्या अक्षरांत छापून तार विकतात. हे आंकडे यंत्रांच्या नियमावलीचे आहेत, तारेचे नव्हेत. ते तारेवर छापण्यास ती नियमावलि चालविणाऱ्यांची मनाईच आहे. तेव्हां ज्या खोक्यावर फक्त असा आंकडा आहे आणि जातीचें नांव नाहीं, तें बाजूस ठेवावें. प्रीमियम आणि अल्ट्रा या दोन जातींच्या अस्सल तारेच्या खोक्यावर चौकोनी ठशाची एक चिठ्ठी असते. मोबाईलनें ती वाचली म्हणजे ती तार खरोखर तपासणीस उतरली आहे कीं नाहीं हें कळतें. बाजारांत तारेची प्रतिष्ठा पारखण्याचें याहून भरंवशाचें साधन दुसरें नाहीं.

सोनेरी टोकांविषयीं थोडें. सोनें हें तांब्यापेक्षां विजेचें अधिक चांगलें वाहक आहे असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुस्थिति उलट आहे. चांदी सर्वांत चांगली, तिच्या खालोखाल तांबें आणि त्यानंतर सोनें. सोन्याचा गुण एकच, तें गंजत नाहीं. रत्नागिरी-वेंगुर्ल्याकडे किंवा गोव्यांत, जेथें खारी हवा पंख्याच्या पात्यांनाहि सोडीत नाहीं, तेथें या गुणाला मोल आहे. पण हा मुलामा इतका पातळ असतो, कीं आज स्वस्तांतल्या तारेवरहि तो सर्रास देतात. त्याच्यासाठीं वेगळे पैसे मोजणें म्हणजे देवळांत फुकट मिळणारा अंगारा विकत घेणें होय.

पैसे जेथें खरोखर खर्चावे ती जागा निराळी आहे. ती म्हणजे लांबी, आणि भिंत.

कंपनें जितकीं जलद तितका तांब्याचा उपयोग कमी होतो. जलद वीज तारेच्या गाभ्यांतून न जातां पृष्ठभागाला चिकटून जाते आणि वाटेंत क्षीण होते. त्यामुळें दोन मीटरांवर जी तार निमूटपणें काम करिते तीच दहा मीटरांवर चांदण्या पाडूं लागते. या तारेची लांबी अमुकच असावी असा नियमावलींत नियम नाहीं. त्या जातीची गति सोसली पाहिजे, एवढाच नियम. अनुभवाचा अंदाज असा, कीं १,८०० कोटींच्या गतीला साधी तांब्याची तार पांच-सहा मीटरांपर्यंत बिनधोक चालते, आणि ४,८०० कोटींच्या गतीला तीन मीटरांपलीकडे शंका येऊं लागते. टेलिव्हिजनखालीं मांडलेल्या यंत्राला दीड मीटर पुरतो. तेथें विचार करीत बसण्याचें कारणच नाहीं. पण प्रोजेक्टर छताला टांगावयाचा असेल तर तार यंत्रापासून भिंतीनें वर, मग छतावरून मागें, अशी जाते आणि बघतां बघतां बारा मीटर होतात. तेथें तांब्याचा हट्ट सोडून कांचेच्या तंतूंची तार घ्यावी. तिच्या एका टोकांत विजेच्या खुणांचा प्रकाश होतो, केंसासारख्या तंतूंतून तो धांवतो आणि दुसऱ्या टोकांत पुन्हां त्याची वीज होते. ही तार एकमार्गी असते. कोणतें टोंक यंत्राकडे आणि कोणतें पडद्याकडे हें तिच्यावर लिहिलेलें असतें. उलट लावली तर कांहींच दिसत नाहीं, आणि ती गवंड्याच्या हातून उलट गेली तर पुढचा प्रसंग न बोललेला बरा. तिला काटकोनांत मुडपूं नये हें सांगावयास नकोच.

आणि आतां भिंत. नवें घर घेणारे लोक तारा दिसूं नयेत म्हणून भिंत खोदून तार आंत घालतात आणि वरून गिलावा करून घेतात. अशीं घरें मीं पाहिलीं आहेत, आणि चार वर्षांनीं तीच भिंत फोडलेलीहि पाहिली आहे. तार मरते, किंवा ती मरत नाहीं पण जमाना पुढें जातो. १०८० साठीं पुरलेली तार ४-के च्या पडद्याला अपुरी पडते आणि पांचशे रुपयांच्या वस्तूसाठीं गिलावा, रंग आणि मजुरी असा कित्येक हजारांचा भुर्दंड बसतो. शिवाय धूळ, आणि घरांतल्या मंडळींचीं बोलणीं. म्हणून तार कधींहि नुसती पुरूं नये. नळी पुरावी आणि तींतून तार ओंवावी. नळी दीड इंचापेक्षां बारीक नको, कारण प्लगाचें नुसतें धातूचें तोंडच सुमारें चौदा मिलिमीटर रुंद असतें आणि त्यावरचें वेष्टन धरून तो वीस मिलिमीटरांच्या पुढें जातो. एक इंची नळीच्या पहिल्याच वळणावर तो अडून बसतो. वळणें मोठ्या गोलाईचीं घ्यावींत. विजेच्या तारांची नळी वेगळी ठेवावी. नळींत तारेबरोबर एक मजबूत दोरीहि सोडून ठेवावी, म्हणजे पुढें नवी तार ओढून घेतां येते. आणि तार भिंतींत जाण्यापूर्वीं जमिनीवर पसरून, दोन्हीकडे यंत्रें जोडून, निदान एक अखंड चित्रपट पाहून घ्यावा. वायरमनला हा चोखंदळपणा आवडणार नाहीं. त्याच्या कपाळावरच्या आंठीकडे लक्ष देऊं नये.

ज्यांच्याकडे ध्वनिक्षेपकांसाठीं अँप्लिफायर आहे त्यांनीं आणखी एक गोष्ट पाहावी. तेथें चित्र यंत्रांतून अँप्लिफायरमध्यें आणि मग टेलिव्हिजनकडे असें जातें. या सांखळींत सर्वांत जुनी जी कडी तिच्याच मापाचें चित्र शेवटीं मिळतें. नक्कल होऊं नये म्हणून यंत्रें एकमेकांना गुप्त खूण विचारतात. ४-के चित्रपटांसाठीं ही खूण नव्या पद्धतीची लागते आणि दहाबारा वर्षांपूर्वींच्या अँप्लिफायरला ती देतां येत नाहीं. मग नवी तार आणून कांहींच साधत नाहीं. अशा वेळीं यंत्र सरळ टेलिव्हिजनला जोडावें आणि आवाज तेवढा परत अँप्लिफायरकडे न्यावा. इ. स. २००९ पासूनच्या नियमावलींत याची सोय आहे. ज्या भोकापाशीं 'ए. आर्. सी.' असें लिहिलेलें असतें त्यांतील तार आवाज उलट दिशेनें आणते. शिवाय आजकाल पुष्कळ घरांतून चित्रपट इंटरनेटवरून टेलिव्हिजनच्या पोटांतच उतरतो. तेथें चित्राला तार लागतच नाहीं, लागते ती आवाजाला परत आणणारी ही एकच. हीं भोकेंहि सगळीं सारखीं नसतात. कित्येक संचांत चारांपैकीं एकदोनच पुऱ्या गतीचीं असतात, आणि तीहि मेनूंतील एक कळ फिरविल्यावर जागीं होतात. संचाबरोबर येणारी पुस्तिका आपण वाचीत नाहीं. निदान हें एक पान वाचावें.

पावसाळ्यापूर्वींच्या विजा सुरू झाल्या म्हणजे या सुबक जोडणीला एक निराळेंच भय असतें. छपरावरच्या तबकडीपासून येणारी काळी तार बॉक्समध्यें शिरते आणि बॉक्सपासून एच्. डी. एम्. आय्. तार टेलिव्हिजनमध्यें. जवळपास वीज पडली कीं तिचा झटका याच वाटेनें एका यंत्रांतून दुसऱ्यांत जातो आणि आधीं जळतें तें त्या एकोणीस पिनांच्या मागचें नाजुक मंडळ. वळवाचे ढग दिसले कीं विजेचा प्लग काढून भागत नाहीं. तबकडीची तारहि मळसूत्र उलगडून बाजूस करावी. तसेंच घरांतील सॉकेटांना जमिनीची जोडणी, म्हणजे अर्थिंग, धड नसेल तर दोन यंत्रें जोडतांना बोटांना मुंग्या येतात. ही मुंगी यंत्रालाहि बाधते. म्हणून तार लावतांना वा काढतांना दोन्ही यंत्रांची वीज बंद असावी, आणि अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्यावें.

आतां राहिली ती पिवळी तार. तिची एवढी निंदा केली म्हणून ती उकिरड्यावर टाकूं नका. अनेक घरांच्या माळ्यावर १९८५ ते २००० च्या सुमाराच्या लग्नामुंजींच्या व्हिडिओ कॅसेटी पडून आहेत. त्यांतलीं कित्येक माणसें आज हयात नाहींत आणि त्यांचा चालतां-बोलतां ठेवा त्या फितींवरच काय तो उरला आहे. अशा कॅसेटी वाजविणारें यंत्र करणारी जपानांतील फुनाई ही बहुधा शेवटची कंपनी, तिनेंहि इ. स. २०१६ च्या जुलैंत हें काम थांबविलें. फितींना बुरशी लागते, यंत्रांचे पट्टे सैल होतात. तेव्हां हें काम फार दिवस पुढें ढकलण्याजोगें नाहीं. नव्या टेलिव्हिजनला पुष्कळदां पिवळें भोंकच नसतें. कांहीं संचांत बारीक वाटोळ्या भोकांत घालावयाची तोकडी जोडतार मिळते. नसल्यास पिवळ्या तारेचें चित्र अंकांत बदलून एच्. डी. एम्. आय्. मध्यें देणारी एक डबी मिळते, ती घ्यावी. कॅसेटीच्या यंत्राला एस-व्हिडिओचें भोंक असेल, तर ती वाट असणारी डबी शोधावी; गहूं-जोंधळ्याचा घोटाळा तेवढा कमी होतो. त्या डबीनें चित्र सुधारेल अशी अपेक्षा मात्र नको. फितीवर जें आहे तेंच दिसेल. हें जुनें चित्र चारास तीन या प्रमाणांत घेतलेलें असतें आणि नवा पडदा तें ताणून आपल्या रुंदीएवढें करितो, म्हणून मेनूंत जाऊन चारास तीन हाच आकार निवडावा, म्हणजे बोहल्यावरचीं तीं कृश नवरानवरी उगीच लठ्ठ दिसणार नाहींत.